एकही नोंद सुटू नये : संकेतस्थळावरील याद्या कशा तयार होतात

शासनाचा व्यवहार मोठ्या प्रमाणात याद्यांवर चालतो. मतदार यादी, शिधापत्रिकाधारकांची यादी, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, शाळेचा हजेरीपट, ग्रामपंचायतीची कर आकारणी नोंदवही ही त्याचीच निरनिराळी रूपे होत. ज्याचे नाव यादीत आहे त्याच्यापर्यंत योजना पोहोचते. ज्याचे नाव गळले, त्याच्या दृष्टीने ती योजना अस्तित्वातच नसते. म्हणूनच यादी करण्याचे काम वरकरणी कारकुनी वाटले तरी ते जबाबदारीचे असते.

गेल्या काही वर्षांत या याद्या संकेतस्थळांवर आल्या आहेत. महाभूमी प्रकल्पांतर्गत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. ई-पीक पाहणीचा राज्यभर प्रारंभ १५ ऑगस्ट २०२१ रोजी करण्यात आला. ग्रामपंचायतींच्या नियोजनासाठी व हिशेबासाठी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली. या साऱ्या ठिकाणी नागरिकाच्या डोळ्यांसमोर जिल्ह्यांची, तालुक्यांची व गावांची यादी उघडते आणि तो तीतून आपले गाव निवडतो. ही यादी पडद्यावर उमटते कशी, तीत चूक शिरते कोठून आणि ती ओळखावी कशी, याची माहिती अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना असणे इष्ट आहे. त्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिता आली पाहिजे असे नाही. नोंदवही चाळण्याची सवय असलेल्या कोणालाही हा विषय समजू शकतो.

नोंद आणि यादी

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक मालमत्तेसाठी एक ओळ असते. त्या ओळीत मालमत्तेचा क्रमांक, मालकाचे नाव, मालमत्तेचे वर्णन आणि आकारलेला कर असे रकाने असतात. एक ओळ म्हणजे एका मालमत्तेविषयीची सर्व माहिती एकत्र बांधलेली पुरचुंडीच होय. संगणकाच्या भाषेत अशा पुरचुंडीस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. अशा अनेक पुरचुंड्या ठराविक क्रमाने मांडल्या की ‘अ‍ॅरे’ तयार होतो. या लेखात ऑब्जेक्टला नोंद आणि अ‍ॅरेला यादी असे म्हटले आहे.

वर्धा जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. या जिल्ह्यात वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे आठ तालुके असून ते वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तीन उपविभागांत विभागलेले आहेत. संकेतस्थळासाठी ही माहिती पुढीलप्रमाणे मांडली जाते :

तालुके = [
{ नाव: "वर्धा", उपविभाग: "वर्धा", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "देवळी", उपविभाग: "वर्धा", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "सेलू", उपविभाग: "वर्धा", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "आर्वी", उपविभाग: "आर्वी", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "आष्टी", उपविभाग: "आर्वी", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "कारंजा", उपविभाग: "आर्वी", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "हिंगणघाट", उपविभाग: "हिंगणघाट", जिल्हा: "५०४" },
{ नाव: "समुद्रपूर", उपविभाग: "हिंगणघाट", जिल्हा: "५०४" }
]

महिरपी कंसातील प्रत्येक ओळ ही एक नोंद, आणि चौकटी कंसातील आठ नोंदी मिळून झालेली ही यादी. ५०४ हा २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्यास दिलेला संकेतांक आहे. तो येथे का आवश्यक ठरतो, हे पुढे स्पष्ट होईल.

फेरी म्हणजे काय

गुरुजी हजेरी घेतात तेव्हा पटावरील पहिल्या नावापासून आरंभ करतात, नाव उच्चारतात, उत्तर ऐकतात, खूण करतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. पट संपला की हजेरी संपते. प्रत्येक नावासाठी कृती तीच असते. केवळ विद्यार्थी बदलतो. संगणकही यादीतून असाच फिरतो. या फिरण्यास ‘लूप’ म्हणतात. आपण त्यास फेरी म्हणू.

संकेतस्थळांच्या पानांवर ही कामे मुख्यतः जावास्क्रिप्ट या भाषेत केली जातात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ती घडवली आणि १९९७ मध्ये तिचे पहिले प्रमाणक प्रसिद्ध झाले. या भाषेत फेरीचे अनेक प्रकार आहेत. ‘फॉर’ ही जुनी फेरी क्रमांक मोजत पुढे जाते. ‘फॉर-ऑफ’ ही २०१५ च्या प्रमाणकात आलेली फेरी क्रमांकाची उठाठेव न करता एकेक नोंद हाती देते. याखेरीज २००९ च्या प्रमाणकाने विशिष्ट कामांसाठी तयार फेऱ्या उपलब्ध करून दिल्या. ‘मॅप’ प्रत्येक नोंदीचे रूपांतर करते, उदाहरणार्थ तालुक्याच्या नोंदीपासून पडद्यावरील एक ओळ बनवते. ‘फिल्टर’ अटीत बसणाऱ्या नोंदी निवडून त्यांची नवी यादी देते. ‘रिड्यूस’ सर्व नोंदींतून एकच निष्कर्ष, बहुधा बेरीज, काढते.

नागरिकाने सातबाऱ्याच्या पानावर जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी उघडते आणि तालुका निवडला की गावांची. अशा पानामागे बहुधा दोन पायऱ्या असतात. प्रथम निवडलेल्या जिल्ह्याचे तालुके चाळून वेगळे केले जातात. नंतर त्या प्रत्येक तालुक्यासाठी पडद्यावर एक पर्याय तयार केला जातो. पहिली पायरी फिल्टरची, दुसरी मॅपची. हे काम निमिषार्धात होते, म्हणूनच ते डोळ्यांना दिसत नाही. आणि दिसत नसल्यामुळेच त्यातील चूकही पुष्कळदा ध्यानात येत नाही.

शून्यापासून मोजणी

पहिली चूक मोजणीची. आपण एकापासून मोजतो. जावास्क्रिप्ट यादीतील पहिल्या नोंदीस शून्य हा क्रमांक देते. त्यामुळे वरील यादीत वर्धा शून्य क्रमांकावर, तर आठवा समुद्रपूर तालुका सात या क्रमांकावर येतो. फेरी लिहिणाऱ्याने ‘सातपेक्षा लहान असेतो चालू ठेवा’ अशी अट घातली, तर ती हिंगणघाटापाशी थांबते आणि समुद्रपूर गळतो. उलट ‘आठपर्यंत, आठ धरून’ अशी अट घातली, तर फेरी नसलेल्या नवव्या तालुक्याचे नाव विचारते आणि पानावर दोष उद्भवतो.

यांपैकी दुसरी चूक स्वतःच ओरडून सांगते. पहिली मूक असते. सात तालुक्यांची यादी दिसायला नीटनेटकी असते आणि बाहेरच्या वाचकाला तीत काही उणे वाटत नाही. समुद्रपूरच्या शेतकऱ्याला मात्र आपला तालुका सापडत नाही. यास्तव मोजणीची गरज नसेल तेथे फॉर-ऑफ किंवा मॅप वापरणे श्रेयस्कर. यादी कितीही लांब असो, त्या आरंभापासून अखेरपर्यंत जातात आणि शेवटची नोंद कोणती, हे माणसाला ठरवावे लागत नाही.

एकच नाव, दोन ठिकाणे

दुसरी चूक अधिक गंभीर असून वर्धा जिल्ह्याशी तिचा निकटचा संबंध आहे. जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी तीन तालुक्यांची नावे राज्यात अन्यत्रही आहेत. आष्टी तालुका वर्धा जिल्ह्यात आहे, तसा बीड जिल्ह्यातही आहे. कारंजा वर्धा जिल्ह्यात आहे आणि वाशीम जिल्ह्यातही. सेलू वर्धा जिल्ह्यात आहे आणि परभणी जिल्ह्यातही. लोकव्यवहाराने हा पेच पूर्वीच सोडवला आहे. १९४२ च्या लढ्यामुळे वर्ध्याकडील आष्टीस आष्टी (शहीद) म्हणतात. वर्ध्याकडील कारंजा हे कारंजा (घाडगे), तर वाशीमकडील कारंजा हे कारंजा (लाड) म्हणून ओळखले जाते. संगणकाला मात्र ही ओळख कोणी करून दिल्याशिवाय होत नाही.

राज्यातील सर्व तालुक्यांच्या यादीत ‘आष्टी’ हे नाव शोधण्याची आज्ञा दिली असे समजू. त्यासाठी ‘फाइंड’ ही फेरी वापरतात. ती यादीत पहिली जुळणारी नोंद मिळताच थांबते आणि तीच नोंद हाती देते. यादी जिल्ह्यांच्या वर्णानुक्रमाने लावलेली असेल, तर बीड हे वर्ध्याच्या आधी येते; परिणामी वर्ध्याकडील आष्टीची माहिती बीडच्या खाती जमा होते. परभणीही वर्ध्याच्या आधी येत असल्याने सेलूचीही तीच गत होते. कारंजाच्या बाबतीत मात्र उलटे घडते. वर्धा हे वाशीमच्या आधी येत असल्याने वर्ध्याकडील कारंजाची माहिती योग्य जागी राहते आणि वाशीमकडील कारंजाची माहिती वर्ध्यात येऊन पडते. राज्याची एकूण बेरीज या साऱ्यात तंतोतंत जुळते. तीन तालुक्यांची माहिती परक्या जिल्ह्यात गेली, हे एकूण आकड्यावरून कोणालाही कळणार नाही.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे नोंद नावाने न ओळखता संकेतांकाने ओळखणे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जिल्हा, तालुका, गाव व ग्रामपंचायत यांना स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. संकेतांकाचे आणखी एक प्रयोजन आहे. नावे बदलतात; औरंगाबाद व उस्मानाबाद हे जिल्हे आता छत्रपती संभाजीनगर व धाराशिव झाले आहेत. नावावर विसंबलेली फेरी अशा वेळी जुन्या नोंदी शोधू शकत नाही. शिवाय संगणक ‘सेलू’ आणि ‘सेलु’ यांना दोन भिन्न नावे मानतो, आणि नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही त्याच्या लेखी वेगळे अक्षरच असते. नाव हे माणसाने वाचण्यासाठी असते; जुळवणी संकेतांकानेच व्हावी.

रिकामा रकाना

तिसरी चूक अपुऱ्या नोंदीची. समजा, ग्रामपंचायतींच्या यादीत प्रत्येक नोंदीच्या पोटात संपर्काची आणखी एक लहान नोंद असून तीत दूरध्वनी क्रमांक आहे. एखाद्या ग्रामपंचायतीने संपर्काची माहिती पाठविलीच नाही, तर फेरी तेथे पोहोचताच नसलेल्या नोंदीतून क्रमांक काढू पाहते आणि दोष उत्पन्न होऊन थांबते. चूक एका गावाची. मात्र त्यानंतरची सर्व गावे पडद्यावर येत नाहीत. पटावरील एक विद्यार्थी गैरहजर असल्यामुळे गुरुजींनी पुढची हजेरीच न घेण्यासारखा हा प्रकार आहे.

यासाठी २०२० च्या प्रमाणकात एक सोय करण्यात आली. नोंद असेल तरच आत पाहावे, नसेल तर पुढे जावे, असे त्या सोयीने सांगता येते. परंतु पुढे जाताना त्या जागी काय लिहावे, हा निर्णय माणसाचा आहे. ‘माहिती प्राप्त नाही’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होय. त्या जागी शून्य लिहिणे मात्र चुकीचे. एखाद्या गावात कुपोषित बालके शून्य आहेत, आणि त्या गावाचा अहवाल आलेला नाही, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली समाधानाची, दुसरी चौकशीची. दोहोंस एकच चिन्ह दिले, तर जेथे चौकशी व्हावयास हवी तेथे समाधान मानले जाईल.

बेरजेतील धोका

चौथी चूक बेरजेची. संगणक अंक आणि मजकूर यांत भेद करतो. अर्जातून आलेली संख्या पुष्कळदा मजकुराच्या रूपात साठवलेली असते. फेरी अशा दोन संख्यांची बेरीज करते तेव्हा त्या मिळवल्या न जाता एकापुढे एक जोडल्या जातात. एका गावातील १२ विहिरी आणि दुसऱ्या गावातील १५ विहिरी मिळून २७ व्हावयास हव्यात; पडद्यावर १२१५ उमटते. दोन गावांत ही चूक लगेच दिसेल. पण मोठ्या तक्त्यात मधल्या एकाच रकान्यात ती दडली, तर आकडा फुगलेला आहे एवढेच जाणवते, कारण सापडत नाही.

मराठी वापरकर्त्यांसाठी आणखी एक सावधानता आवश्यक आहे. जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. १, २, ३ असे टंकलिखित केलेले आकडे तिच्या दृष्टीने निव्वळ अक्षरे असतात आणि त्यांचे संख्येत रूपांतर करू गेल्यास ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. ते एक उत्तर बेरजेत मिसळले की संपूर्ण बेरीजच ‘संख्या नव्हे’ होऊन बसते. आकडे पडद्यावर देवनागरीत दाखवणे सर्वथा योग्य आहे; तथापि साठवताना ते संख्येच्या रूपात असावेत आणि दाखवण्याच्या वेळीच त्यांना देवनागरी रूप द्यावे.

नावे वगळताना

पाचवी चूक यादीतून नोंदी काढताना घडते. समजा, नळजोडण्यांच्या यादीतून बंद झालेल्या जोडण्या वगळावयाच्या आहेत आणि क्रमांक मोजणारी फेरी चालू असतानाच त्या काढल्या जात आहेत. तिसऱ्या क्रमांकाची नोंद काढताच चौथी नोंद सरकून तिसऱ्या जागी येते. फेरी मात्र आता चौथ्या जागेकडे वळलेली असते. सरकलेली नोंद न तपासताच मागे राहते. म्हणजे लागोपाठ दोन जोडण्या बंद असतील, तर पहिली निघते आणि दुसऱ्या घरावर पाणीपट्टीची मागणी तशीच कायम राहते.

रांग पुढे सरकत असताना रांगेतील माणसे मोजू नयेत, हा व्यवहारातला नियम येथेही लागू पडतो. मूळ यादीस हात न लावता चालू जोडण्या फिल्टरने निवडून त्यांची नवी यादी करावी. याचा आणखी लाभ असा की जुनी यादी जशीच्या तशी राहते आणि कोणती नावे का वगळली, याची पडताळणी नंतरही करता येते. फेरफार नोंदवहीत जुनी नोंद दिसत राहावी असा आपला प्रघात आहे. त्यामागील तत्त्वही हेच.

तपासणी कशी करावी

आज्ञावली लिहिणारा बहुधा गावाबाहेरचा असतो. त्याला भाषा येते, पण आष्टी दोन आहेत हे ठाऊक असेलच असे नाही. ते ठाऊक असते तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शिक्षकाला आणि पंचायत सदस्याला. म्हणून संकेतस्थळावरील कोणतीही यादी स्वीकारण्यापूर्वी या मंडळींनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, नोंदींची संख्या. यादी उघडताच नोंदी किती हे मोजावे आणि मूळ नोंदवहीशी पडताळावे. तालुक्यांची यादी असेल तर वर्धा उपविभागातील तीन, आर्वीतील तीन व हिंगणघाटातील दोन मिळून आठ झाले पाहिजेत. भागांची बेरीज आणि पूर्ण संख्या जुळत नसेल, तर कोठेतरी फेरी चुकली आहे.

दुसरी गोष्ट, टोके. पहिली आणि शेवटची नोंद अवश्य पाहावी. मोजणीतील चुका बहुधा टोकांनाच होतात.

तिसरी गोष्ट, सारखी नावे. आष्टी, कारंजा व सेलू या तालुक्यांची माहिती उघडून तेथे आपलीच गावे दिसतात की नाही हे बघावे. सारख्या नावांची गावेही अनेक असतात. त्यांनाही हीच कसोटी लावावी.

चौथी गोष्ट, रिकामी नोंद. अपुरी माहिती असलेले एक गाव मुद्दाम निवडावे. तेथे शून्य दिसते की ‘माहिती प्राप्त नाही’ असे दिसते, आणि त्या गावानंतरची गावे यादीत आहेत किंवा नाहीत, हे तपासावे.

पाचवी गोष्ट, हाताने केलेली बेरीज. तीन-चार गावांचे आकडे कागदावर मिळवून पडद्यावरील बेरजेशी ताडून पाहावेत.

या तपासणीस फारसा वेळ लागत नाही. शाळेत माध्यमिक वर्गातील विद्यार्थ्यांकडून हा उपक्रम करून घेतल्यास त्यांना आपल्या तालुक्याचा भूगोल, अंकगणित आणि संगणक या तिन्हींचा परिचय एकाच वेळी होईल. आठ तालुक्यांची वरील यादी फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांनाच फेरी चालवायला सांगितले, तर शून्यापासूनची मोजणी आणि सारख्या नावांचा घोळ त्यांच्या सहज लक्षात येईल.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. जनगणनेचे प्रगणक घरोघर जाऊन ही संख्या मिळवतात, आणि एखादे घर सुटले तर पुन्हा त्या दाराशी जातात. संगणकाची फेरी परत फिरून पाहत नाही. ती सांगितले तेवढे करते आणि थांबते. सुटलेल्या दाराशी पुन्हा जाण्याचे काम माणसाचे असून, गावाची यादी ज्यांना तोंडपाठ आहे त्यांनीच ते करावयाचे आहे.